चौसष्ट पानांचं वाळवण

मासळी वाळवायची तर आधी ती उलगडावी लागते. पाठीकडून सुरी घालायची, पोटाची कातडी न तोडता पुस्तकासारखी उघडायची, मीठ चोळायचं आणि बांबूच्या तट्ट्यावर उन्हात उताणी टाकायची. आमच्या सेबू बेटावर अशा मासळीला बुलाद म्हणतात, आणि आमच्या कंपनीचं नावही तेच. कचेरी ताबोआनच्या सुक्या मासळीच्या बाजाराच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं की आमच्या आधी वास आत शिरायचा. आमचे मालक सर बोयेट नव्या माणसाला हसत सांगायचे, "आपणही तेच करतो. लोकांचं जे काय असेल ते उलगडून मांडतो."

लोक बुलादवर स्लाइड बनवत. शिक्षक धडे मांडत, चर्चची माणसं जत्रेचा कार्यक्रम मांडत, कुणी लग्न मांडी, कुणी मयत. सगळं नेटवर, हलतं, सरकतं, गाण्यासकट. फक्त ते हातात घेता येत नसे. एका बेटावरच्या शिक्षिकेनं आम्हाला लिहिलं होतं, "इथे वीज असते तेव्हा नेट नसतं, आणि नेट असतं तेव्हा वीज नसते. मुलांच्या हातात काहीतरी कागद द्या हो." सरांनी ते पत्र भिंतीला चिकटवलं आणि ठरवलं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बुलादवरचं काहीही कागदावर उतरवून घेता आलं पाहिजे. तीन वाटांनी: पीडीएफ, वर्ड, आणि वर्गात वाटायची पानं.

उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते नीट उतरलं की नाही हे तपासण्याचं जुवेलिनकडे. मी रोझेल. आम्ही दोघी कॉलेजपासून एका ताटात जेवलेल्या. तिच्या लग्नात करवली मीच होते, म्हणजे होणार होते.

ते लग्न आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ऑक्टोबरचा शनिवार होता. चर्चमध्ये आम्ही दोन तास उभ्या. नवरा, रेनांते, जहाजावर खलाशी होता. त्याचा निरोप आला तो मनिलाच्या विमानतळावरून: बोलावणं लवकर आलं, जावं लागतंय, मला माफ कर. बोलावणं कसलं नि काय. तिकीट त्यानं पंधरा दिवस आधी काढलं होतं, हे मागाहून कळलं. पण हॉलमध्ये पाहुणे बसलेले, डुक्कर भाजून तयार, आणि पडद्यामागच्या मुलाला कुणी काही सांगितलंच नाही. ठरल्या वेळी त्यानं बटण दाबलं. दिवे मंदावले. जुवेलिननं दोन महिने खपून बुलादवर बनवलेल्या चौसष्ट स्लाइड सुरू झाल्या, लग्नाआधीच नटूनथटून काढून घेतलेल्या फोटोंच्या: तो आणि ती बांतायानच्या किनाऱ्यावर, तो आणि ती होडीत, तो तिच्या केसांतली वाळू झटकताना. लोकांनी बघत बघत जेवण केलं. काय करतील? अन्न टाकायचं नसतं.

जानेवारीत कामाची बैठक बसली. सर म्हणाले, "मला एक अशी फाइल हवी, जिच्यात सगळं आहे. फोटो, तक्ता, नकाशा, हलणारी अक्षरं, आरपार दिसणारे रंग, अक्षरांची चार तऱ्हेची वळणं. ती एक नीट उतरली की जगातली कुठलीही उतरेल. कुणाकडे आहे?"

कुणाकडेच तसली नव्हती. आणि मी, माझ्या तोंडाला आग लागो, मी म्हणाले, "जुवेलिनच्या लग्नाची आहे की."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

आमच्याकडे चिडलेल्या माणसाला पिकॉन म्हणतात, आणि पिकॉन होण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. थट्टा सुरू झाली की आपणच आधी हसायचं. चिडला तो हरला. मग त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं, आणि वर्षभर ते ऐकून घ्यायचं. जुवेलिनच्या तर हे रक्तात होतं. तिचे वडील, मानो सिंफोरो, बांतायानला मासळी वाळवायचे आणि जत्रेत बालिताव गायचे. बालितावमध्ये एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाई. गाण्यातच एकमेकांना टोमणे मारायचे, लचके तोडायचे, आणि ज्याचा आवाज रागानं चिरकला तो बाद. लहानपणी ते तिला इंदाय, म्हणजे पोरी, म्हणत सांगायचे, "चिडलीस की गाणं तुटतं, इंदाय. हसत चाव."

ती हसली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं. "वापरा की! एवढी मेहनत केलेली, कुणाच्या तरी कामाला येऊ दे."

"वा! ही खरी मर्दानी," दोदोय म्हणाला. दोदोय बटणं आणि रंग बघायचा, आणि सबंध दिवस कुणाची तरी फिरकी घ्यायचा. "मिसेस रेनांते, आम्हाला हॉलमध्ये जागा मिळाली नव्हती. आता रोज बघू."

"रोज बघ. आहेर मात्र आण."

सगळे हसले. सर हसले. मीही हसले. आणि ठरून गेलं.

त्यानंतर दिवसातून तीसदा, चाळीसदा ती फाइल उतरायची. मी काहीतरी दुरुस्त करायचं, बटण दाबायचं, चौसष्ट पानं तयार व्हायची. जुवेलिन डाव्या पडद्यावर मूळ स्लाइड आणि उजव्या पडद्यावर उतरलेलं पान घेऊन बसायची. एकेक कान, एकेक बोट, एकेक अक्षर मिळवायची. मग चूक लिहून माझ्याकडे पाठवायची. तिच्या नोंदी मी अजून ठेवल्यात.

"पान ४: वराचा डावा कान कापला जातो."

"पान ९: लग्नाच्या साक्षीला उभ्या राहणाऱ्या धर्ममायबापांच्या तक्त्यात चोवीसपैकी बावीसच नावं. वधूच्या बाजूची शेवटची दोन गळतात."

"पान १७: वधूच्या तोंडावरची जाळी पारदर्शक नाही. चेहरा दिसत नाही. पांढरा डाग दिसतो."

"पान २३: वराचा हात वधूच्या खांद्यावर नाही. हवेत आहे."

वधू, वर. कुठे 'मी' नाही, कुठे त्याचं नाव नाही. मी खांद्यावर हात परत आणायचे. जाळी पारदर्शक करायचे. त्याचा कान जोडून द्यायचे. ती पुन्हा बघायची आणि लिहायची, "ठीक. बंद."

दोदोयला तर उन्हाळाभर पुरेल एवढा चारा मिळाला. "मिसेस, आज नवरा कुठपर्यंत आला? गुडघ्यापर्यंत?"

"पीडीएफमध्ये अख्खा आलाय. वर्डमध्ये फक्त पँट आलीय."

"चला, वर्डमध्ये तरी पळून जाता येणार नाही."

"पँटशिवाय पळेल मेला, तुला ओळख नाही त्याची."

ती असं काही बोलली की आम्ही खुर्च्यांत मागे पडून हसायचो. तिच्या तोंडाला तोंड देणारं कुणी नव्हतं. जेवायला बसलो की ती पुसोचं पानाचं वेटोळं सोडवून भात काढायची, आणि आधी शेजारच्याला द्यायची, तशीच, पूर्वीसारखी. फक्त एक झालं होतं. ती आरशासमोर उभी राहिली की केस उजवीकडून डावीकडे घ्यायची. फोटोत ते उजवीकडे होते.

फेब्रुवारीच्या शेवटी तिनं सरांना विचारलं. तेही कसं, तर चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांसमोर, हसत. "सर, लोकांची लग्नं एका दिवसात उरकतात. माझं अजून किती दिवस चालायचं?"

सर दिलदार माणूस. निदान त्यांना तसं वाटायचं. म्हणाले, "चौसष्टच्या चौसष्ट पानं जुळू देत, इंदाय. एकही चूक नाही, अशी तू सही केलीस, की त्याच दिवशी सगळ्यांसमोर ती फाइल पुसून टाकू. तूच बटण दाब. मग पार्टी."

"शब्द?"

"शब्द."

त्या दिवसापासून ती वेगळ्याच जिद्दीनं बसली. बाहेरून कुणाला वाटलं असतं, ह्या बाईला आपलं लग्न किती प्यारं! दोन केसांच्या जाडीचा फरक तिच्या नजरेतून सुटायचा नाही. माझ्या मानेवर बसून ती ते लग्न नीट करून घेत होती, कारण ते नीट झालं तरच मोडणार होतं. पानं जुळत गेली. तीस. चाळीस. सत्तेचाळीस.

मार्चमध्ये मानो सिंफोरो गेले. पहाटे तट्टे मांडायला म्हणून वाळूवर गेले आणि तिथेच बसून राहिले. आम्ही सगळे बोटीनं बांतायानला गेलो. मयतीच्या घरी पत्ते खेळत जागायची रीत आहे, तसे तीन रात्री जागलो. सरांनी भलंमोठं फुलांचं चक्र पाठवलं, दोदोय सगळ्यांत जास्त रडला. नंतरच्या सोमवारी मी मशीन सुरू केलं, फाइल उतरवली, आणि सवयीनं जुवेलिनकडे पाठवली. सुतकाचा काळा बिल्ला छातीला लावून ती आली होती. दुपारी तिची नोंद आली:

"पान ५२: कवितेची चौथी ओळ पानावर नाही. ती एकटीच शेवटी, पान ६५ वर येते. फाइल चौसष्ट पानांची आहे. पासष्ट होतात."

बावन्नावी स्लाइड मानो सिंफोरोंची होती. लग्नात ते गाणार होते. आदल्या आठवड्यात त्यांनी तिला फोनवर गाऊन दाखवलं आणि तिनं टिपून घेतलं. कागदावर उतरलेलं त्यांचं तेवढंच. एरवी ते गायचे आणि विसरायचे. पुन्हा गा म्हटलं तर नवीन गायचे. मागे तट्ट्यांवरच्या मासळीचा फोटो, आणि त्यावर एकामागून एक चार ओळी उमटायच्या:

मासळी वाळते वाळूवरती, घार घिरट्या घाली,
राखण करता करता माझी सांज होत आली.
तुझ्या हाती देतो आता, जावयबापू, लेक,
मीठ लाव, पण हलक्या हातानं. काटा आहे एक.

चूक माझीच होती, आणि नवी होती. एकामागून एक येणाऱ्या गोष्टी मी थर करून एकावर एक बसवत होते, आणि माझ्या थरांना तीनच मजले होते. चौथं काही आलं की ते नवं पान उघडून तिथे जाऊन बसायचं. म्हणून पासष्टाव्या, कोऱ्या पानावर ती ओळ एकटी: मीठ लाव, पण हलक्या हातानं. काटा आहे एक.

"सासरेबुवा खाली उतरायला तयार नाहीत," दोदोय तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. मग त्याला एकदम भान आलं, आणि त्यानं जीभ चावली.

जुवेलिननं मान वळवली. हसली. "बाप कुणाचा आहे! शेवटचा शब्द त्याचाच लागतो."

मी तिला कॉलेजातल्या नावानं म्हटलं, "हे मी नीट करीन, वेल. थरांचं सगळं उकलून पुन्हा बांधावं लागेल. थोडा वेळ दे." आणि मागे ठेवलं. आधी सोपी पानं, मग हे, असं. एप्रिल गेला. मे गेला. पानं जुळत गेली, आणि बावन्न तेवढं राहिलं.

मधे एक गोष्ट मी केली. कुणाला सांगितली नव्हती. एकोणतिसाव्या पानावर आम्ही करवल्या होतो, पाचजणी, पीच रंगाच्या झग्यांत. त्यात माझे दंड नको तेवढे भरलेले दिसायचे. आणि दोदोयनं एकदा ते पान मोठं करून "ही कोण डुकरीण?" असं विचारलं होतं. मी हसले होते, अर्थात. पण मग एके दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी मूळ फाइल उघडली, माझा फोटो काढला आणि नेटवरून उचललेली, त्याच रंगाच्या झग्यातली एक अनोळखी पोरगी तिथे बसवली. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांत मी त्या लग्नातून बाहेर.

संध्याकाळी जुवेलिनची नोंद आली:

"पान २९: करवलीचा चेहरा बदललेला. मूळ प्रतीतच बदललेला आहे. उतरवण्यात चूक नाही. बंद."

मी वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती पान तीसवर गेली होती.

ती मला म्हणू शकली असती: रोझेल, चौसष्ट पानांवर मी आहे, माझ्यासाठी ती पाच मिनिटं कुणाला का सुचली नाहीत? म्हणाली नाही. म्हणाली असती तर पिकॉन झाली असती. आणि मीही काही बोलले नाही. मी बोलले असते तर मी काय झाले असते, त्याला आमच्याकडे शब्द नाही.

जूनचा पहिला शुक्रवार ठरला. बारा वाजता शिक्षण खात्याची माणसं येणार, त्यांच्यासमोर बटण दाबून दाखवायचं. सकाळी नऊला त्रेसष्ट पानं जुळलेली. बावन्न तसंच, पासष्टावं पान तसंच.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. "काय अडलंय?"

मी थरांचं सांगितलं. दोन दिवस लागतील म्हटलं.

"दोन दिवस? तू मार्चपासून काय करत होतीस?" मग ते जुवेलिनकडे वळले. "तीन ओळींपर्यंत नीट येतं ना?"

"येतं, सर."

"मग तीन ठेव. चौथी मूळ फाइलमधूनच काढून टाक. आपल्याला ओळीमागून ओळ येणारं एक पान हवंय. ते होईल. चौसष्ट जुळतील."

मी म्हटलं, "सर, ते तिच्या वडिलांचं..."

"अगं, मी कविता फाडायला सांगतोय का? तपासायची फाइल आहे ती! आज बारा वाजता तर पुसूनच टाकायचीय. आणि तिला काय, पाठ नसेल होय ती ओळ? पाठ आहे ना, इंदाय?"

"पाठ आहे, सर," जुवेलिन म्हणाली.

"मग झालं तर."

"घशातला काटा काढा नि मोकळ्या व्हा, मिसेस," दोदोय म्हणाला. ह्या वेळी त्यानं जीभ चावली नाही.

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तसेच, जानेवारीसारखे. ती हसायची वाट बघत.

तिनं मूळ फाइल उघडली. बावन्नावर गेली. चौथ्या ओळीच्या टोकाशी जाऊन ती एकेक अक्षर पुसत मागे आली. एकदम निवडून पुसता येतं, तिला ते माहीत नव्हतं असं नाही. 'एक' गेलं. 'आहे' गेलं. 'काटा' गेलं. 'हातानं' गेलं. शेवटी 'मीठ' राहिलं, आणि तेही गेलं. मग तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

चौसष्ट.

तिनं एकदा सगळं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लिहिलं, "सर्व पानं जुळतात. मान्य. जुवेलिन." घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला हसू आवरेना.

तिसरी आणि चौथी ओळ जोडून एकच लांब ओळ केली असती तरी भागलं असतं. पान रुंद होतं. हे मला दुसऱ्या दिवशी अंगावर पाणी घेताना सुचलं.

बाराचा कार्यक्रम झकास झाला. खात्याच्या एका बाईंनी उतरलेली पानं हातात घेतली, बोटानं चाळली आणि म्हणाल्या, "किती गोड जोडपं! तुमच्यातलंच आहे का?"

"आमच्या घरचंच लग्न, मॅडम," सर म्हणाले.

पाहुणे गेले. नोहियोंगचे तळलेले तिखट रोल आले, पुसोचे झुबके आले, कोक आला. जुवेलिननं खुर्ची ओढली, फाइल शोधली, पुसायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला. "सर, या. सगळे या. माझा काडीमोड होतोय."

सगळे जमले. सर हात पुसत आले, पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं, थांब, थांब. ही आता पुसता येणार नाही."

"म्हणजे?"

"अगं, हीच तर आपली मान्य प्रत. हिच्यावर तुझी सही आहे! उद्यापासून कुणी बुलादमध्ये एवढंसं काही बदललं की मशीन आपोआप ही फाइल उतरवणार आणि तुझ्या मान्य पानांशी ताडून बघणार. जुळलं तर पुढे, नाही तर थांब. सगळीकडे असंच करतात. विचार रोझेलला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळीकडे असंच करतात, हे खरं होतं. मला ते जानेवारीपासून माहीत होतं. मला वाटलं होतं, तिलाही माहीत असेल. आणि माहीत नसेल तर सांगणारी मी कोण, असंही वाटलं होतं.

"हो," मी म्हणाले.

"आणि तुझ्याच फायद्याचं आहे," सर म्हणाले. "आता तुला स्वतः बघायलाच नको. मशीन बघेल. तुझी सुटका झाली की नाही? झाली ना? शब्द पाळला की नाही मी?"

रोल गार होत होते. बाण अजून त्या बटणावर होता. ती काय करेल ते कुणाला कळेना. मला तर क्षणभर वाटलं, ती दाबणार. दाबावं, असंही वाटलं.

"म्हणजे मी मेले तरी हे लग्न मोडत नाही," ती म्हणाली. "बघा रे. देवानंही एवढी पक्की गाठ नसती मारली."

हास्याचा असा स्फोट झाला की खालच्या बाजारातल्या बायकांनी वर पाहिलं असेल. दोदोयनं तिच्या हातात रोल दिला. ती हसता हसता खाऊ लागली, आणि तिला ठसका लागला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर सगळे म्हणाले, मिरची लागली, मिरची.

मशीन बसलं. मी दुपारी एखादा स्वल्पविराम हलवला तरी ते सगळं लग्न उतरवायचं: किनारा, होडी, केसांतली वाळू, चोवीस धर्ममायबाप, अनोळखी करवली, तीन ओळींचे मानो सिंफोरो. चौसष्टाव्या पानावर, 'पन्नास वर्षांनी पुन्हा इथेच भेटू.' मग एक हिरवी खूण. दिवसातून साठदा, सत्तरदा. कुणी बघत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी थरांचं काम काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे खपले, सगळं उकललं, पुन्हा बांधलं. आता चार नाही, चाळीस ओळी आल्या तरी एका पानावर बसतील असं केलं. मग एका सकाळी लवकर येऊन मी मूळ फाइल उघडली आणि बावन्नाव्या पानावर, जागच्या जागी, चौथी ओळ लिहिली. मला ती पाठ होती. उतरवून पाहिलं. चारही ओळी एका पानावर, मासळीच्या तट्ट्यांवर, सरळ.

मी तिला काही बोलले नाही. म्हटलं, मशीन अडेल, तिच्याकडे निरोप जाईल, ती पान उघडेल, आणि बघेल. मला तिचा चेहरा बघायचा होता. एवढंच मागत होते मी.

मशीन अडलं. पान ५२ जुळत नाही, असा लाल निरोप तिच्याकडे गेला. तिनं पान उघडलं. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. ती वाचत होती. ओठ हलले, चौथ्या ओळीपाशी थांबले. मग तिनं टंकायला सुरुवात केली, आणि माझ्या पडद्यावर नोंद उमटली:

"पान ५२: कवितेत एक ओळ जास्त आहे. मान्य प्रतीशी जुळत नाही. ओळ काढावी."

मी खुर्ची सरकवून तिच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हटलं, "वेल, ती मी घातलीय. तुझ्यासाठी. आता बसतेय ती तिथे."

"कळलं मला."

"मग राहू दे ना. मान्य प्रत बदलू. नवी मान्य करू."

"नवी मान्य करायची तर सगळी पानं पहिल्यापासून डोळ्याखालून घालावी लागतात. कान, हात, जाळी, सगळं."

"मी घालते. तू बघूसुद्धा नकोस. मी तपासते सगळी."

तिनं माझ्याकडे मान वळवली. हसत होती. तेच हसू, सगळ्यांच्या आधीचं, आवाज न चिरकलेलं.

"तू कशी तपासशील, रोझेल?" ती म्हणाली. "तू तर त्या लग्नात नाहीसच."

पलीकडून दोदोय ओरडला, "काय गं, काय अडलंय? सगळं थांबलंय इथे! बेटावरच्या मास्तरणी बोंबलताहेत!"

"काही नाही," जुवेलिन म्हणाली. "एक ओळ जास्त झालीय. काढतेय ती."

मी जागेवर आले. बावन्नावं पान उघडलं. ओळीच्या टोकाशी गेले, आणि एकेक अक्षर पुसत मागे येणं मला जमेना, म्हणून सगळी ओळ एकदम निवडून पुसली.

चौसष्टही पानं जुळली. तिनं लिहिलं, "ठीक. बंद."